इंग्लंड-जर्मनीला आपल्या सिस्टर का लागतात?

"डेअर फूस, डी हांट, दास क्नी..."

सलाइनची बाटली बदलता बदलता सिस्टर स्वतःशीच पुटपुटत होत्या आणि आत्या डोळे मिटून ऐकत होती. खुब्याचं हाड मोडलं म्हणून तिला पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात ठेवलं होतं. ऑपरेशन होऊन दुसरी रात्र, झोपेचा पत्ता नाही. आधी तिला वाटलं, पोरगी रामरक्षा म्हणतेय. विचारल्यावर कळलं, हे जर्मन. पाय पुल्लिंगी, हात स्त्रीलिंगी, गुडघा नपुंसकलिंगी. कारण विचारायचं नाही, पाठ करायचं.

"आमच्याकडे तो पाय, तो हात, तो गुडघा," आत्या म्हणाली. "सगळे पुरुष. म्हणूनच ऐकत नाहीत."

सिस्टर मूळच्या उदगीरच्या. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग, मग पुण्यात तीन वर्षं नोकरी, पगार हातात एकवीस हजार. त्या रात्री वॉर्डात बावीस पेशंट आणि सिस्टर दोन, त्यातली एक महिन्यापूर्वी लागलेली. सकाळी हँडओव्हर दिला की त्या थेट जर्मनच्या क्लासला जायच्या.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा आत्याने माझ्यापुढे तीन प्रश्न टाकले. एवढे श्रीमंत देश, त्यांच्याकडे पोरी नाहीत का? आपल्या पोरी नेऊन त्यांचं भागतं का? आणि ही गेल्यावर इथे कोण बघणार? मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. आत्याला ते पटलं नाही, मलाही नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

सुरुवातीलाच एक गाठ सोडवून घेऊ. 'नर्सेसचा तुटवडा' हे शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात दोन वेगळी दुखणी आहेत. एकात जागा आहे, पगार आहे, पण माणूस मिळत नाही. दुसऱ्यात माणूस आहे, शिकलेला आहे, पण जागाच काढलेली नाही, किंवा काढलीय ती अशा पगारावर की कुणी टिकू नये. जर्मनी-इंग्लंडचं दुखणं बरंचसं पहिल्या जातीचं आहे आणि आपलं दुसऱ्या. बाहेरून डॉक्टरांनी दोघांनाही 'ताप' म्हणावं, पण औषध एक नसतं.

जगाचा हिशोब एकदा बघून टाकू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाख हव्या होत्या. वाटणी तर फारच वाकडी. जगातल्या ७८ टक्के परिचारिका ज्या देशांत आहेत, तिथे जगाची निम्मीच लोकसंख्या राहते. सात परिचारिकांतली एक जन्मदेशाबाहेर काम करते, श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्क्यांवर जातं. आयर्लंडमध्ये साधारण निम्म्या परिचारिका परदेशात शिकून आलेल्या आहेत. ब्रिटनच्या नोंदणीपटावर २०२४मध्ये ८ लाख ४० हजारांच्या आसपास नर्स आणि मिडवाइफ होत्या, त्यातल्या सुमारे २ लाख बाहेर शिकलेल्या, आणि बाहेरून येणाऱ्यांत भारत आघाडीवर.

आता आत्याचा पहिला प्रश्न, त्यांच्याकडे पोरी नाहीत का.

आहेत, पण पुरत नाहीत. लोक जास्त जगतात. ऐंशी-नव्वदीतल्या माणसाला मधुमेह, रक्तदाब, गुडघे, विस्मरण हे सगळं एकदम सांभाळावं लागतं आणि तिकडे ते काम सुनेच्या गळ्यात पडत नाही, पगारी माणसाकडे जातं. त्याच वेळी तरुण कमी होत चाललेत आणि जुन्या अनुभवी सिस्टर निवृत्त होतायत. यात धोरणांचीही भर आहे. इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत २०१७ साली काढून घेतली आणि फीसाठी कर्ज काढा म्हणून सांगितलं. अर्ज घटले. तुटवडा चालू असताना ही बुद्धी कुणाला सुचली असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

शिवाय नर्स घडवायला वेळ लागतो. तीन-चार वर्षं शिक्षण, त्यासाठी कॉलेजात जागा, शिकवणारे, आणि हात बसवायला वॉर्ड. बाहेरून आणायची तर जाहिरात, मुलाखत, कागदपत्रं, आणि वर्षभरात बाई हजर. परसात मेथी लावली तर महिना वाट बघावी लागते, मंडईतून अर्ध्या तासात जुडी येते. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर कुणीही मंडईच गाठेल. फक्त ती मेथी कुणीतरी कुठेतरी पेरलेली असते. उदगीरच्या सिस्टरची फी त्यांच्या वडिलांनी भरली, सोयाबीन विकून आणि वर कर्ज काढून. जर्मनीला तयार नर्स मिळते, तिच्या घडणीचा खर्च लातूर जिल्ह्यातल्या एका घराने केलेला असतो.

रिकाम्या जागा ही फक्त गैरसोय नाही, हेही सांगायला हवं. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा आणि ४ लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांचा अभ्यास आला. एका नर्सवर एक पेशंट जास्त टाकला की ऑपरेशननंतर तीस दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता साधारण सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. कारण समजायला अवघड नाही. पेशंट बिघडतो तो एकदम नाही. आधी श्वास थोडा वाढतो, लघवी कमी होते, माणूस उगाच चिडचिड करतो. हे ज्याच्या लक्षात यायचं, ते माणूस बावीस खाटांमध्ये धावत असलं तर लक्षात येणार कसं? म्हणजे परदेशी नर्स भरणाऱ्या हॉस्पिटलची गरज खोटी नाही. वॉर्ड रिकामा ठेवण्यापेक्षा तिरुवनंतपुरमहून किंवा मनिलाहून सिस्टर आणणं त्या पेशंटसाठी निश्चित चांगलं.

आणतात कसं, ती वाट आता बघू. 'परदेशी नोकरी' म्हटलं की आपल्याला विमानतळावरचा हार घातलेला फोटो दिसतो, त्याच्या आधीचं काही दिसत नाही.

पहिले कागद. कॉलेजची तासांनिशी गुणपत्रकं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, त्या नोंदणीला डाग नसल्याचा दाखला, आणि अनुभवाचं पत्र. या शेवटच्या पत्रावर पुष्कळ जणींचं घोडं अडतं. बाँड पुरा झाला नाही म्हणून पत्र न देणारी, मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेणारी हॉस्पिटलं आहेत आणि नर्सिंगच्या वर्तुळात ती सगळ्यांना माहीत असतात.

मग भाषा. ब्रिटनसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लिखाणात ६.५ लागतात. त्याऐवजी ओईटी ही आरोग्यक्षेत्राची वेगळी परीक्षाही चालते, तिच्यात पेशंटबद्दल डॉक्टरला पत्र लिहायचं असतं. जर्मनीसाठी साधारणपणे बी-वन म्हणजे भाषेची मधली पातळी इथे गाठून निघता येतं, पण पूर्ण नर्स म्हणून मान्यता हवी तर तिथे जाऊन त्याच्या वरची पायरी, बी-टू. आमच्या वेळी पुण्यात जर्मन ही अकरावी-बारावीत मार्कं ओढायला घ्यायची भाषा होती. नंतर ती इंजिनिअरांची झाली. आता रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीबोळातल्या क्लासांपर्यंत रात्रपाळी करून आलेल्या सिस्टर आणि ब्रदर डोळे चोळत विभक्ती शिकताना दिसतात.

मग त्या त्या देशाची परीक्षा. अमेरिकेची एनसीएलईएक्स ही संगणकावर होते आणि मजेदार आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण येतो, चुकलं की सोपा. किमान ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, आणि ही बाई सुरक्षित नर्स आहे की नाही याची संगणकाला खात्री पटली की तो मध्येच थांबतो. त्यामुळे लवकर बंद पडला तर आनंद मानायचा की रडायचं, हे बाहेर येणाऱ्याला कळत नाही. पास झालं तरी भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब असते, म्हणून अमेरिकेचं नाव सगळे घेतात आणि विमान दुसरीकडचं धरतात.

ब्रिटनमध्ये दोन टप्पे आहेत. पहिला संगणकावरचा, तो इथेच देता येतो. दुसरा तिथे गेल्यावर प्रत्यक्ष करून दाखवायचा, दहा टेबलांचा, 'ऑस्की' म्हणतात त्याला. एखाद्या टेबलावर खरा माणूस पेशंट बनून बसलेला असतो. आपल्या सिस्टरचा हात इंजेक्शनला इतका सरावलेला असतो की तिकडच्यांनी बघत राहावं. पण नाव आणि जन्मतारीख विचारली का, औषध देण्याआधी 'तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का' विचारलं का, काय करतेय ते पेशंटला सांगितलं का, याचेच गुण असतात. बावीस पेशंटच्या वॉर्डात 'नमस्कार, मी अमुक, तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' असं विचारायला वेळ कुणाला होता? ती सवयच नसते, लावावी लागते.

भाषेवर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण या सगळ्या उद्योगाचं यश-अपयश तिथे ठरतं.

जपानने २००८ साली इंडोनेशियाशी आणि त्यानंतर फिलिपिन्सशी करार करून तिथल्या नर्सेस आणल्या. या बायका आपापल्या देशात शिकलेल्या, कामाचा अनुभव असलेल्या. पण जपानची राष्ट्रीय परीक्षा जपानीत. २००९मध्ये ८२ जणी बसल्या, पास शून्य. २०१०मध्ये २५४ बसल्या, पास तीन. मोठा गाजलेला शब्द होता 'जोकुसो', म्हणजे खाटेवर पडून पडून पाठीला होणारी जखम. रोजच्या बोलण्यात तिला साधा वेगळा शब्द आहे, पण परीक्षेत हा जडजंबाल चिनी अक्षरांतला. कल्पना करा, आपल्या परीक्षेत प्रश्न आला, 'शय्याव्रण टाळण्यासाठी परिसेविकेने अधिपरिचारिकेस कोणत्या सूचना द्याव्यात?' वॉर्डात जन्म गेलेली मराठी सिस्टरसुद्धा क्षणभर थबकेल. कारण वॉर्डात तो बेडसोअर असतो, परिसेविका म्हणजे इन्चार्ज सिस्टर आणि अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स. पुढे जपानने अवघड अक्षरांवर उच्चार द्यायला, रोगांची इंग्रजी नावं द्यायला आणि वेळ वाढवून द्यायला सुरुवात केली. निकाल थोडे सुधारले, पण भाषेचा डोंगर जागच्या जागी राहिला.

परीक्षेची भाषा तरी पुस्तकात सापडते. पेशंटची भाषा कुठे सापडणार? हे समजायला जपानला जायला नको. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत कितीतरी वर्षं केरळच्या सिस्टर आहेत, अलीकडे मणिपूर-मिझोरामच्याही. त्यांना कुणी शिकवलं असेल की 'कळ येते' आणि 'चमक येते' यात फरक आहे? 'ठणका लागलाय', 'भणभणतंय', 'कालवतंय', 'मुंग्या येतायत', 'जीव घाबरा होतोय'. यातलं प्रत्येक वेगळं लक्षण आहे. जीव घाबरा होतोय म्हणणारा पेशंट घाबरलेला नसतो, त्याचं हृदय तपासायचं असतं. या सिस्टरांनी मराठी कुठल्या क्लासात शिकली नाही, आजीबाईंच्या पलंगाशेजारी शिकली, आणि बऱ्याच जणी आता आपल्यापेक्षा शुद्ध पुणेरी टोमणे मारतात. म्हणजे बाहेरून आलेल्या नर्सेसवर चालणारं आरोग्यखातं ही काही परदेशातली गंमत नाही. आपण स्वतः त्यावर कधीपासून चालतो आहोत, फक्त पासपोर्ट लागत नाही म्हणून जाणवत नाही.

भाषा जमली तरी कामाचं रूप बदलतं. आपल्याकडे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, भांडं देणं हे नातेवाईक नाहीतर मावशी-मामा करतात. सिस्टर इंजेक्शन, सलाइन, रक्ताचे नमुने, औषधं, फाइल यांत असतात. जर्मनीत आंघोळ घालणं आणि भरवणं हाच नर्सिंगचा गाभा मानतात, आणि रक्त काढणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टरचं काम. त्यात मान्यता मिळेपर्यंत तिथे मदतनीस म्हणून राबायचं. इथे आयसीयू सांभाळलेल्या बाईला हे खाली ढकलल्यासारखं वाटतं. निघण्यापूर्वी कुणी नीट सांगितलं असेल तर वर्ष निघून जातं, नाही तर सहा महिन्यांत परतीचा विचार सुरू होतो. एजंटच्या माहितीपत्रकात बर्फातले फोटो असतात, आंघोळीचा नसतो.

आत्याचा दुसरा प्रश्न, त्यांचं भागतं का?

तेवढ्यापुरतं भागतं. पण माठाला भोक असेल तर कितीही घागरी ओता. ज्या कारणांनी त्यांच्या स्वतःच्या नर्सेस नोकरी सोडतात, म्हणजे पाळ्या, थकवा, पगार, वर चढायला न मिळणारी शिडी, त्याच कारणांनी आणलेल्याही सोडतात, किंवा आणखी पुढच्या देशाला जातात. ब्रिटनचा परवा-परवाचा अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. काही वर्षं हजारोंनी भरती केली. मग पैशाची ओढाताण सुरू झाली, जागा गोठल्या आणि २०२४-२५मध्ये परदेशी शिकलेल्यांची नवी नोंदणी आदल्या वर्षापेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी घसरली. २०२५मध्ये तर तिथल्याच नव्या पास झालेल्या मुलामुलींना नोकरी मिळेना, आणि सरकारला त्यांच्यासाठी हमी जाहीर करावी लागली. नळ त्यांच्या हातात आहे. तो सोडतात तेव्हा इथे गल्लोगल्ली क्लास उघडतात, बंद करतात तेव्हा इथे फी भरून बसलेल्या मुली अडकतात.

मग तुटवडा मिटवायचा तर काय? स्वतःच्या कॉलेजांत जागा वाढवणं, आहेत त्यांना टिकवणं, आणि बाहेरून आणायच्या तर सरकार-सरकार करार करून, नर्सकडून एक पैसा न घेता. जर्मनीने केरळ सरकारच्या 'नोर्का रूट्स' या संस्थेशी २०२१च्या डिसेंबरात असा करार केला, 'ट्रिपल विन' नावाचा. भाषा शिकवणं, निवड, तिथे गेल्यावरची मदत हे सगळं सरकारी यंत्रणेतून. महाराष्ट्रानेही २०२४च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. कागद चांगला आहे. पण अशा करारात शिक्षक, परीक्षा केंद्रं, तिकडच्या मालकांची पक्की मागणी यातलं एक जरी ढिलं पडलं तरी मुलं मध्येच लटकतात, आणि केरळने याची तालीम वर्षानुवर्षं केलेली आहे, आपण नाही. त्यांची ओडेपेक ही परदेशी भरतीची सरकारी कंपनी १९७७ सालची आहे.

एजंटांबद्दल दोन शब्द, कारण फसवणूक इथेच होते. भारतीय नियमांप्रमाणे परवानाधारक एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो, आणि तो परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. २०१५मध्ये कुवेतच्या नर्स भरतीत माणशी लाखोंनी रुपये उकळल्याचं प्रकरण केरळात उघडकीला आलं, आणि त्यानंतर आखाती देशांसारख्या काही देशांसाठीची नर्स भरती केंद्राने सरकारी संस्थांकडेच दिली. तिकडेही सापळे आहेत. करार मुदतीआधी मोडला तर इतके हजार डॉलर भरा, असं कलम घालतात. न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो नर्सेसच्या अशाच २५,००० डॉलर दंडाच्या कलमाविरुद्ध २०१९मध्ये फेडरल न्यायालयाने निकाल दिला आणि सक्तीच्या कामाविरुद्धचा कायदा लावला. सही करायच्या आधी ते पान वाचा. सगळं नाही वाचलं तरी चालेल, ते पान वाचा.

राहिला तिसरा प्रश्न, आणि आत्याला खरा तोच विचारायचा होता. इथे कोण बघणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आंतरराष्ट्रीय भरतीची एक आचारसंहिता केली. ती ऐच्छिक आहे, मोडली तर शिक्षा नाही. ज्या देशांत आधीच माणसं फार कमी आहेत तिथून मुद्दाम भरती करू नका, असं तिचं सांगणं. २०२३च्या यादीत असे ५५ देश आहेत. पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश त्यात आहेत, भारत नाही. म्हणजे जगाच्या हिशोबाने आपल्याकडे पुरेसा माल आहे, घेऊन जा. फिलिपिन्सही जगाला नर्सेस पुरवत आला आहे, पण २०२० साली कोविडमध्ये त्यांनीसुद्धा वर्षाला पाच हजारच नर्सेस बाहेर जातील अशी मर्यादा घातली होती, ती पुढे वाढवत नेली.

आपल्याकडे पुरेसा माल खरंच आहे का? केंद्र सरकारच्याच आकड्यांत हजार लोकांमागे १.९६ परिचारिका आहेत, तीन असाव्यात असं म्हणतात. आणि ही नोंदणी झालेल्यांची संख्या आहे, त्यातल्या कितीतरी घरी आहेत किंवा केव्हाच परदेशी गेल्यात. २०२३मध्ये सरकारने नव्या मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नर्सिंग कॉलेजं काढायचं ठरवलं. चांगलं आहे, पण सुरुवातीला सोडवलेली गाठ इथे आठवा. आपलं दुखणं दुसऱ्या जातीचं आहे. सरकारी स्टाफ नर्सची जाहिरात निघाली की अर्जांचा ढीग पडतो, म्हणजे माणसं आहेत. तरी सरकारी जागा रिकाम्या राहतात किंवा कंत्राटावर जातात. २०२२च्या मेअखेरीला महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या त्या याच बाह्यस्रोत भरतीविरुद्ध. खासगीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितल्यावर केंद्राच्या समितीने शिफारस केली की दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतका पगार द्या, शंभराच्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या हॉस्पिटलातही २०,०००च्या खाली नको. लागू करणं राज्यांच्या हातात. आता मागे जाऊन सिस्टरच्या पगाराचा आकडा बघा. पन्नास खाटांच्या आतल्या दवाखान्यासाठी २०१६ साली जो किमान पगार म्हटला होता, तिथेच आपल्या सिस्टर अजून आहेत, मोठ्या हॉस्पिटलात, चार वर्षांच्या पदवीवर. तिकडे ब्रिटनमध्ये सरकारी हॉस्पिटलात नव्या नर्सची २०२४-२५ची सुरुवात वर्षाला २९,९७० पौंड होती. घरभाडं, थंडी, एकटेपणा सगळं वजा करा, तरी शिल्लक उरते.

पुण्याला तर यात बोलायला तोंड नाही. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी इथे सेवासदन सुरू केलं आणि बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा शहराने नाकं मुरडली होती. घरातल्या बाईने परक्याचं अंग पुसायचं? शंभर वर्षांत नाकं सरळ झाली, पण मुलगी डॉक्टर झाली तर पेढे आणि नर्स झाली तर 'अच्छा, काहीतरी मेडिकलमध्येच' हे चालूच आहे. मल्याळी घरांनी हा पेशा सन्मानाने उचलला, मिशन हॉस्पिटलांच्या आणि आखाती नोकऱ्यांच्या आधाराने. आपण सिस्टर म्हणून हाक मारली आणि बहिणीच्या ओवाळणीइतकाच पगार दिला.

रांग मग अशी लागते. जर्मनी पुण्यातून ओढते, पुणं उदगीरहून आणि इंफाळहून, आणि उदगीरच्या पलीकडचं तालुक्याचं रुग्णालय कुठून ओढणार? गोधडी लांडी असली की शेवटच्या माणसाचे पाय उघडे पडतात. २०२०च्या मेमध्ये मणिपूरच्या आणि इतर राज्यांच्या मिळून तीनशेहून जास्त नर्सेस कोलकात्याची खासगी हॉस्पिटलं सोडून एका आठवड्यात घरी निघून गेल्या, तेव्हा ही गोधडी कशी सरकते ते एका शहराने ऐन साथीत पाहिलं.

हे सगळं आत्याला सांगितलं तेव्हा तिने मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे तिने जाऊ नये म्हणतोस?" मी म्हटलं, नाही. जाणाऱ्या मुलीला अडवून तुटवडा भरत नाही, नुसती अडवलेली मुलगी हाती राहते. "मग बरं," म्हणाली. "मी तिला शंभर रुपये दिलेत. पेनाला."

तीन महिन्यांनी एक्स-रे दाखवायला गेलो तेव्हा आत्याने हट्टाने लिफ्टने वर वॉर्डात जायला लावलं, डब्यात रव्याचे लाडू घेऊन. सिस्टर तिथेच होत्या. बी-वनच्या चार भागांतले तीन सुटले, लिहायचा राहिला. फक्त तोच परत द्यायचा, पुढच्या महिन्यात. शेजारी इंफाळहून आलेली नवी सिस्टर एका छोट्या वहीत काहीतरी टिपत होती. आत्याने चष्मा लावून वाकून पाहिलं. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्दांची यादी होती. कळ, चमक, ठणका. 'मुंग्या'पुढे तिने मुंगीचं चित्र काढलं होतं. आत्या पलंगाच्या कडेला बसली, वॉकर बाजूला ठेवला आणि स्वतःच्या पायाला हात लावून तिला समजावू लागली की त्या खऱ्या मुंग्या नव्हेत.